ओसरीवरील चार गोष्टी : अडलेलीं कुलुपें

ह्या सदराच्या जुन्या वाचकांस आमचा एक छंद ठाऊक झालाच असेल. शाळेंत संस्कृत शिकवितांना जीं पारिभाषिक नांवें तोंडीं बसलीं, तीं व्यवहारांत कोठें भेटतात हें पाहत राहावयाचें. न्यायशास्त्रांत तर्काचे जे दोष सांगितले आहेत त्यांत ‘अन्योन्याश्रय’ आणि ‘चक्रक’ असे दोन आहेत. पहिल्याची सिद्धि दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर अवलंबून असेल, तर तो अन्योन्याश्रय. हेंच तिघांच्या किंवा अधिकांच्या फेऱ्यानें घडलें, तर तो चक्रक. विद्यार्थ्यांकडून हीं लक्षणें आम्हीं कितीदां तरी घोकून घेतलीं. परंतु हेच दोष संगणकाच्या पोटांत शिरून चालत्या यंत्रास जागच्या जागीं खिळवून टाकतात, हें आमच्या ध्यानीं आलें तें गेल्या श्रावणांत, आणि तेंही आमच्या पुतण्यामुळें.

हा पुतण्या पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहे. फाइली जेथें ठेवल्या जातात तो भाग सांभाळणें हें त्याचें काम. त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, सहा वर्षें आमच्याकडे आलेले नाहींत; तें कां, तें पुढें सांगतों. मुलगा मात्र येतो. त्या दिवशीं आला तो डोळे तारवटलेले घेऊन. चहा पुढें ठेवला तरी त्याचें लक्ष नव्हतें. विचारलें तेव्हां म्हणाला, “काका, दोन रात्री झोंप नाहीं. कचेरींतलें एक मोठें यंत्र अडून बसलें होतें.”

“बंद पडलें म्हणतोस?”

“बंद पडलें असतें तर बरें झालें असतें. तें चालूच होतें. इतर कामें होत होतीं. पण एका विशिष्ट फोल्डरला जो जो हात लावी तो तो तेथेंच थांबून राही. आधीं तिघे अडले. सकाळपर्यंत शेंकडों अडले. त्यांस मारूं म्हटलें तर मरत नाहींत, कारण तीं कामें ज्या निद्रेंत असतात तींतून त्यांस उठवितां येत नाहीं. शेवटीं यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें. जें लिहून पुरें झालें नव्हतें तें गेलें.”

ज्यांस ह्या विषयाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. संगणकांत, किंवा आपल्या हातांतील फोनमध्येंही, एकाच वेळीं अनेक कामें चालूं असतात. त्या सर्वांवर देखरेख ठेवणारा जो कारभारी, त्यास ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात आणि तिच्या गाभ्यास ‘कर्नल’. फिनलंडमधील लिनस टॉरव्हल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेला ‘लिनक्स’ हा असाच एक कर्नल असून अँड्रॉइड फोनांच्या तळाशीं तोच असतो. फाइल म्हणजे कागद, आणि फोल्डर म्हणजे कागद ठेवण्याची पेटी. पेटींत आणखी पेटी, तींत आणखी पेटी, अशी ही मांडणी वंशवृक्षासारखी पसरत जाते. आतां एकाच पेटीच्या यादींत दोन कारकून एकदम लिहूं लागले तर यादीची काय दशा होईल हें गृहिणींस सांगावयास नको. म्हणून नियम असा, कीं जो पेटींत फेरफार करणार त्यानें आधीं तिचें कुलूप आपल्या ताब्यांत घ्यावें, काम उरकावें आणि मग कुलूप सोडावें. तोंवर दुसऱ्यानें बाहेर थांबावें.

एका पेटीचें काम असतें तोंवर ह्यांत कांहीं बिघडत नाहीं. संकट येतें तें एकाच कामास दोन पेट्या लागतात तेव्हां. पहिला कारकून ‘क’चें कुलूप घेऊन ‘ख’साठीं थांबला आणि दुसरा ‘ख’चें घेऊन ‘क’साठीं थांबला, कीं झाला अन्योन्याश्रय! दोघेही कर्तव्यदक्ष, दोघेही धीराचे, आणि म्हणूनच दोघेही कल्पांतापर्यंत उभे. एड्सगर डाइक्स्ट्रा नांवाच्या डच पंडितानें १९६५ च्या सुमारास ह्या अवस्थेस ‘मरणमिठी’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. पुढें १९७१ सालीं कॉफमन, एल्फिक व शोशानी ह्या तिघांनीं दाखवून दिलें, कीं अशी अडवणूक होण्यास चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. वस्तु एका वेळीं एकाच्याच ताब्यांत असली पाहिजे. हातची वस्तु न सोडतां दुसरीची वाट पाहिली पाहिजे. कोणाच्या हातची वस्तु बळानें काढून घेतां येतां कामा नये. आणि वाट पाहणारांचें वर्तुळ पूर्ण झालें पाहिजे. चारांपैकीं एक मोडली तरी अडवणूक होत नाहीं.

तर मग कोणती मोडावी? कुलुपेंच काढून टाकलीं तर यादी नासते. बळानें काढून घ्यावें तर अर्धवट लिहिलेली यादी तशीच राहते. पेढ्यांचे हिशेब ठेवणाऱ्या कांहीं व्यवस्थांत अर्धवट काम पुसून पूर्वस्थितीवर जाण्याची सोय असते, तेथें हा उपाय चालतो. येथें ती सोय नाहीं. सर्व घरास एकच कुलूप लावावें तर कोणी अडकणार नाहीं हें खरें, पण एकजण पोहे भिजवीत असतां दुसऱ्यानें देवघरांतही पाऊल टाकूं नये असा प्रकार होईल. म्हणून शहाणे लोक चौथी गोष्ट मोडतात: कुलुपें घेण्याचा क्रम ठरवून टाकतात. सर्वांनींच आधीं ‘क’ आणि मग ‘ख’ घ्यावयाचें असें ठरलें, कीं वर्तुळ पूर्ण होऊंच शकत नाहीं.

“मग एवढा साधा उपाय असतां अडतें कोठें?” आम्हीं विचारलें. तेव्हां त्यानें आम्हांस लिनक्समध्येंच घडलेली एक गोष्ट सांगितली. ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तींतील चूक मोठमोठ्या जाणत्यांच्या नजरेखालून गेली होती.

पेट्यांच्या व्यवहारांत सर्वांत कठीण काम म्हणजे एक पेटी एकीकडून उचलून दुसरीकडे नेणें. त्यांत एक विचित्र धोका आहे. एकानें ‘क’ पेटी ‘ख’च्या पोटांत घालावी आणि त्याच क्षणीं दुसऱ्यानें ‘ख’ पेटी ‘क’च्या पोटांत घालावी, दोघांनींही आरंभीं पाहिलें तेव्हां सर्व ठीक होतें, परंतु परिणामीं दोन्ही पेट्या एकमेकींच्या पोटांत जाऊन मूळ वृक्षापासून तुटतात! मुलगाच बापाचा बाप होऊन बसावा, तसें हें. हें टाळण्यासाठीं लिनक्समध्यें प्रत्येक भांडारास एक वेगळी ‘मोठी किल्ली’ असते. एका पेटींतून दुसरींत कांहींही हलवावयाचें असेल, तर आधीं ती मोठी किल्ली घ्यावयाची. ती एका वेळीं एकाच्याच हातीं असते. ज्याचें काम एकाच पेटींतल्या पेटींत आहे त्यास मात्र ती लागत नाहीं.

२०२३ सालीं एक नवी गोष्ट निदर्शनास आली. कित्येक पद्धतींत प्रत्येक पेटीच्या आंत एक चिठ्ठी असते, ‘मी अमक्या पेटींत आहें’ अशी. पेटी हलविली कीं ही चिठ्ठी बदलावी लागते. कांहीं पद्धतींत लहान पेटीची यादी तिच्या मूळ नोंदींतच लिहिलेली असते. नवा कागद घातल्यानें ती तेथें मावेनाशी झाली, तर यादी उचलून अन्यत्र लिहितात. ही उचलाउचल चालूं असतां दुसऱ्यानें चिठ्ठी बदलूं म्हटलें, तर ती भलत्याच जागीं लिहिली जाण्याचें भय. म्हणून ठरलें कीं जी पेटी हलवावयाची तिचेंही कुलूप घ्यावें. ऑगस्ट २०२३ मध्यें निघालेल्या ६.५ ह्या आवृत्तींत तसें झालें. हेतु निर्दोष होता. परंतु आतां कुलुपें वाढलीं, आणि त्यांचा क्रम ठरविणें प्राप्त झालें. तो असा ठरला: दोन पेट्यांत पूर्वज-वंशज नातें असेल तर पूर्वजाचें कुलूप आधीं, नातें नसेल तर ज्या पेटीची नोंद स्मृतींत खालच्या क्रमांकाच्या जागीं असेल तिचें आधीं.

वाचकहो, हा नियम वाचून कोणासही वाटेल कीं ह्यांत न्यून तें काय? नातें असेल तेथें वडीलकी, नातें नसेल तेथें घरक्रमांक. आम्हांसही तसेंच वाटलें. मग पुतण्यानें पाटी मागवून घेतली आणि ओसरीवर पुढील आकृति काढून दाखविली.

एका कपाटांत दोन पेट्या शेजारींशेजारीं आहेत: ‘हिशेब’, क्रमांक ९, आणि ‘पत्रें’, क्रमांक ६. ‘हिशेब’ पेटीच्या आंत ‘पावत्या’ नांवाची लहान पेटी आहे, क्रमांक ३. आतां एकाच वेळीं तीन कारकून कामास लागतात. पहिल्यास ‘पत्रें’ आणि ‘हिशेब’ ह्यांचीं नांवें अदलाबदल करावयाचीं आहेत. ह्या दोघींत पूर्वज-वंशज नातें नाहीं, म्हणून क्रमांक पाहून तो ६ चें कुलूप घेतो आणि ९ ची वाट पाहतो. दुसऱ्यास ‘पावत्यां’तील एक कागद ‘पत्रां’त हलवावयाचा आहे. ह्यांतही नातें नाहीं. तो ३ चें कुलूप घेतो आणि ६ ची वाट पाहतो. तिसऱ्यास ‘हिशेब’ पेटींतून ‘पावत्या’ पेटी काढून टाकावयाची आहे. येथें नातें आहे. म्हणून तो आधीं आईपेटीचें, ९ चें कुलूप घेतो आणि मग ३ ची वाट पाहतो.

पाहा आतां! पहिला ९ साठीं तिसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, तिसरा ३ साठीं दुसऱ्याच्या, आणि दुसरा ६ साठीं पहिल्याच्या. तिघांपैकीं एकानेंही नियम मोडलेला नाहीं. चक्रक पूर्ण!

दोष कोणाच्या वागण्यांत नव्हता, नियमाच्या घडणींतच होता. क्रम म्हणजे असा संबंध, कीं पहिला दुसऱ्याच्या आधीं व दुसरा तिसऱ्याच्या आधीं, तर पहिला तिसऱ्याच्या आधीं असलाच पाहिजे. गणितांत ह्यास संक्रामक संबंध म्हणतात. नुसती वडीलकी संक्रामक आहे. नुसता क्रमांकही संक्रामक आहे. परंतु निम्मा क्रम एका तत्त्वानें आणि निम्मा दुसऱ्या तत्त्वानें लावला, तर जें निपजतें त्यास क्रम म्हणतांच येत नाहीं. ९ हा ३ च्या आधीं, कां तर वडील म्हणून. ३ हा ६ च्या आधीं आणि ६ हा ९ च्या आधीं, कां तर आकडा म्हणून. दोन चांगले नियम एकत्र बांधल्यानें चांगला नियम होतोच असें नाहीं, हें आम्हीं त्या दिवशीं शिकलों.

ही चूक दुरुस्त केली अलेक्झांडर व्हायरो ह्या गृहस्थांनीं. पेट्यांच्या कुलुपांचे लिनक्समधील नियम मुळांत लिहून ठेवणारे तेच. ती दुरुस्ती मार्च २०२४ मध्यें निघालेल्या ६.८ ह्या आवृत्तींत आली. तिचें मर्म दोन वाक्यांत सांगतां येईल. पहिलें : ज्या पेटीची आईपेटी बदलत नाहीं तिची चिठ्ठी बदलण्याचें कारणच नाहीं, मग नांव बदलण्यापुरतें तिचें कुलूप घ्यावेंच कशास? दुसरें : मोठी किल्ली हातीं नसतां कोणीही दोन पेट्यांचीं कुलुपें घेऊं नयेत, अपवाद फक्त आईपेटी आणि मग तिचीच लेक, ह्या एका जोडीचा. क्रमांकाचा नियम पेट्यांपुरता काढूनच टाकला. मोठी किल्ली असणारानें दोन आईपेट्यांपैकीं पूर्वज असेल ती आधीं घ्यावी. नातें नसेल तर जिच्यांतून वस्तु काढावयाची ती आधीं.

हें पुरेसें कसें, असें आम्हीं शिक्षकी खोडीनें विचारलें. सिद्धता इतकी सुबक निघाली कीं येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. समजा, अडवणूक झालीच. वर्तुळांत मोठी किल्ली असलेला फार तर एकच असणार. बाकीचे सारे आईचें कुलूप धरून लेकीची वाट पाहणारे, म्हणजे वृक्षांत खालीं उतरत जाणारे. नुसते उतरत जाणारे वर्तुळ पुरें करूं शकत नाहींत, कारण कोणीही आपल्या वंशजाचा वंशज नसतो. म्हणून किल्लीवाला त्यांत असलाच पाहिजे. तो ‘ख’ धरून ‘क’ची वाट पाहत असेल, तर ‘क’ पासून उतरत उतरत ‘ख’ पर्यंत साखळी यावी लागेल. म्हणजे ‘क’ हा ‘ख’चा पूर्वज ठरला. पण पूर्वजाचें कुलूप आधीं घ्यावयाचें हा तर त्याचा नियम. मग ‘ख’ हातीं असतां ‘क’ बाकी राहिला कसा? विरोध आला, तेव्हां अडवणूक अशक्य. पाटीवर खडूनें ‘इति सिद्धम्’ लिहावें असें पुष्कळ वर्षांनीं वाटलें.

आणखी एक सांगण्यासारखें. अशी चूक वर्षानुवर्षें दडून राहूं शकते, कारण तिघांची गांठ त्याच क्षणीं पडावी लागते. म्हणून लिनक्समध्यें २००६ पासून एक पहारेकरी ठेवण्याची सोय आहे. त्यास ‘लॉकडेप’ म्हणतात. कोणत्या जातीच्या कुलुपानंतर कोणतें घेतलें, ह्याची तो नोंद ठेवतो, आणि पूर्वीच्या नोंदीशीं जुळून वर्तुळ होईल असा क्रम दिसला कीं, अडवणूक झालेली नसतांही, ओरड करतो. त्यावांचून निराळी अशीही योजना आहे, कीं एखादें काम त्या न उठणाऱ्या निद्रेंत सामान्यतः १२० सेकंदांपेक्षां अधिक राहिलें तर तशी सूचना नोंदवहींत लिहावी. ती सूचना म्हणजे उपचार नव्हे. पण कोण कोणासाठीं थांबला आहे हें तिच्या आधारें हुडकतां येतें. पुतण्याच्या दोन रात्री त्यांतच गेल्या होत्या. त्याच्या यंत्रांतील दोष वर सांगितलेलाच नव्हता, परंतु त्याच कुळींतला होता : दोन कुलुपें, एका वाटेनें एका क्रमानें आणि दुसऱ्या वाटेनें उलट क्रमानें घेतलेलीं. कारण सांपडल्यावर दुरुस्ती पांच ओळींची निघाली.

येथवर लिहून थांबतां आलें असतें. परंतु ह्या सदरांत आपण एकमेकांपासून फारसें कांहीं लपवीत नाहीं.

वडील वारले ते आमच्या घरीं. त्यांच्या शेवटच्या आजारांत गांवच्या वाड्याचे कागद त्यांनीं आमच्या हातीं दिले. वाड्याच्या किल्ल्या पूर्वीपासून दादांकडे. माजघरावरचें आढें वांकलें होतें, डागडुजी करणें अवश्य होतें. त्यासाठीं कागद आणि किल्ल्या, दोन्ही एका ठिकाणीं यावयास पाहिजेत. दादांनीं लिहिलें, कागद पाठवून दे, मग किल्ल्या देतों. मी वडील आहें. आम्हीं लिहिलें, किल्ल्या पाठवाव्या, मग कागद देतों. कागद वडिलांनीं स्वहस्तें आमच्या स्वाधीन केले आहेत. त्यांचा नियम ज्येष्ठतेचा, आमचा वडिलांच्या शब्दाचा. दोन्ही नियम घरांत पूज्य मानलेले, आणि दोघांनींही आपापला नियम अणुमात्र मोडला नाहीं. सहा वर्षें गेलीं. दोन पावसाळ्यांमागें आढें कोसळलें. आईचें जातें त्या ढिगाऱ्याखालीं आहे.

पाटीवरचे ते ९, ६ आणि ३ पाहतांना आम्हांस दुसरेंच कांहीं दिसूं लागलें होतें. मुलगा हुशार, त्याच्याही तें ध्यानीं आलें असावें. तो कांहीं बोलला नाहीं. शेवटीं आम्हींच विचारलें, “बाळ, आपल्या घरांत मोठी किल्ली कोणाकडे रे?”

तो पाटी पुसतां पुसतां थांबला आणि म्हणाला, “काका, आक्काआत्या आहेत ना!”

आक्का आम्हां सर्वांत वडील. इतक्या वर्षांत तिला कोणीं विचारलेंच नव्हतें. मुलगी दिल्या घरची, असें म्हणून दोघांनींही तिला बाजूस ठेवलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं कागदांचें बासन बांधलें, वर तिला चार ओळी लिहिल्या कीं, ह्यांचें काय करावयाचें तें तूं ठरव, आमची कांहीं अट नाहीं, आणि तें बासन मुलाच्या हातीं दिलें.

दादांच्या किल्ल्या आक्काकडे पोंचल्या किंवा नाहीं, हें आजपर्यंत आम्हांस कळलेलें नाहीं. विचारावयाचेंही नाहीं असें ठरविलें आहे. अडवणुकीस जीं चार कारणें लागतात त्यांतलें, हातचें न सोडतां दुसऱ्याची वाट पाहण्याचें जें कारण, तें आमच्याकडून आतां उरलें नाहीं, एवढें खरें. पाऊस सरला कीं गांवीं जाऊन ढिगारा उपसावा असा विचार आहे. जातें फुटलें नसेल तर बरें.